कंट्रोल रूमच्या काचेमागे

१

कर्जतजवळच्या दहिवलीतल्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पूर्वी तिच्यात भाताच्या कणग्या असायच्या. आता हर्षला म्हसे रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खोलीत शिरायची, दार घट्ट ओढून घ्यायची आणि जुने आवाज धुवायला बसायची. 'धुवायला' हा तिच्या आईचा, छायाबाईंचा शब्द. लेक काय काम करते असं कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "जुन्या पिच्चरचे आवाज धुते. कपड्यांवानी." हर्षलाला ते वर्णन इतकं आवडलं होतं, की तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही.

अंधेरीच्या एका स्टुडिओत तिनं रोजच्या मालिकांचे आवाज जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. वडील गेले आणि ती परत आली, ती कायमचीच. आल्यावर आठवडाभर ती नुसती पडवीत बसून होती. मग एका सकाळी छायाबाईंनी कोणाला न विचारता कणग्या बाहेर काढल्या, खोली सारवली, भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या ठोकल्या आणि म्हणाल्या, "भात काय, पडवीत पन ऱ्हाईल. तू हितं बस. तुला शांतता लागते ना?" पुढे गोधड्यांच्या जागी फोम आला, संगणक आला, हवेसाठी भिंतीत वर एक जाळी आणि पंखा आला. पण खुर्चीत बसलं की हर्षलाला अजून त्या गोधड्याच आठवायच्या, आणि आईचे उपकार कसे फेडायचे ते कळायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ठाण्याहून साईनाथचा फोन आला. साईनाथ जुने, विसरलेले चित्रपट शोधून नीट करून घेणाऱ्या एका संस्थेत होता आणि हर्षलाला बरंचसं काम त्याच्याकडूनच यायचं.

"हर्षला, एक गंमत पाठवतोय," तो म्हणाला. "ऐंशीच्या दशकातला खूनपट आहे. काळा-पांढरा. 'तांत्रिक व्यत्यय' नावाचा. सगळी गोष्ट दूरदर्शन केंद्राच्या आत घडते. निवेदिका बातम्या वाचता वाचता मरून पडते, आणि मग कॅमेरावाला, मेकअपवाली, बातम्या लिहिणारा, सगळ्यांवर संशय."

"चालला होता का?"

"छे. चार दिवसांत उतरला. पण तुला का पाठवतोय माहितीये? ते टीव्ही केंद्र खोटं होतं. तुमच्या खालापूरकडे भाताची एक बंद गिरणी होती, तिच्यात सेट लावला होता."

हर्षला हसली. चित्रपट बघून तर ती आणखी खूश झाली. गोष्ट बाळबोध होती, पण माणसांनी जीव लावून केलेली. पुठ्ठ्याचे कॅमेरे, रंगवलेली घड्याळं, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. आवाजाची मात्र दैना झाली होती. वाळूच्या पोत्यातून कोणी बोलतंय असं वाटायचं. ती एकेक दृश्य घेऊन बसली.

२

कंट्रोल रूमचं दृश्य साधंच होतं. एक तरुण मुलगी कानाला हेडफोन लावून बटणांच्या फळीसमोर बसलेली. तिच्या मागे मोठी काच, काचेपलीकडे अंधारा स्टुडिओ. मुलगी मायक्रोफोनमध्ये म्हणते, "कॅमेरा दोन, तयार. ताई, वर बघा. आपण सुरू होतोय." मग ती गप्प बसते आणि थोडा वेळ नुसती बसूनच राहते. दिग्दर्शकानं ती शांतता का ठेवली होती कोण जाणे.

हर्षलानं वरची खरखर हळूहळू उतरवली, तेव्हा त्या शांततेच्या तळाशी तिला एक शब्द ऐकू आला.

"ऊठ."

तिनं मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बाईचा आवाज होता. तरुण, जरासा बसलेला, जवळून बोललेला. पडद्यावरच्या मुलीचे ओठ मिटलेले होते.

सेटवर कोणीतरी बोललं असेल, ते राहून गेलं असेल, असं म्हणून ती तो शब्द कापणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हे शक्य नाही. असे चित्रपट मुके चित्रित व्हायचे. आवाज सगळा नंतर, मुंबईत, बंद खोलीत भरला जायचा. गिरणीत कोणी बोंब मारली असती तरी ती या आवाजाच्या पट्टीवर उतरली नसती. आणि मुंबईत मायक्रोफोनसमोर उभं राहून, कोणाच्याच तोंडी नसलेला शब्द कोण कशाला बोलेल?

तिनं तो कापला, काम जतन केलं आणि जेवायला गेली. आईनं वालाची भाजी केली होती. हर्षलानं दोनदा मागून घेतली आणि तो शब्द विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी कालचं काम तपासताना त्याच जागी आवाज आला.

"ऊठ गं."

३

"माझ्याकडे काहीच नाही," साईनाथ फोनवर म्हणाला. "तू पाठवलेला तुकडा मी तीनतीनदा ऐकला. खरखर आहे, बाकी सपाट."

"संगणकावर मलाही सपाटच दिसतंय. आवाजाची रेघ हलत नाही. पण ऐकू येतं."

"हर्षला, शेवटची सुटी कधी घेतलीस तू?"

तिला राग आला नाही. तिनंही स्वतःला हेच विचारलं होतं. एकच दृश्य शंभरदा ऐकणाऱ्या कानांना नसलेलं ऐकू येतं, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. ती कर्जतला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तपासून सांगितलं, "कान उत्तम आहेत. असे कान मला हवे होते." ती हसली, घरी आली आणि दोन दिवस त्या दृश्याकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं आईला खोलीत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "काय ऐकू येतं सांग."

छायाबाई डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिल्या. "पाऊस पडल्यासारकं येतंय," त्या म्हणाल्या. मग एकदम पुढे वाकल्या. "अगं बया! ही तर गोदा!"

"कोण गोदा?"

"गोदा गं, आमच्या गावची! माझ्या म्हायेरची. माझ्यापेक्षा मोठी व्हती. गिरणीत शूटिंग आलं तवा पोरी बघायला जायच्या. हिचं नाक सरळ म्हनून हिला घेतली त्या लोकांनी. किती जळलो आमी!" छायाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "जिती हाय ती. खालापुरातच दिली. जाऊ या का गं? किती वर्षांत भेट नाय."

आईच्या डोक्यावरून हर्षलानं हळूच हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. मुलगी पडद्यावर शांत बसली होती.

"ऊठ गं," आवाज म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच, पुढचं: "आईला घे."

हर्षलानं हेडफोन टेबलावर ठेवला. आईला काही बोलली नाही. "जाऊ या," एवढंच म्हणाली.

४

स्कूटीवरून दोघी निघाल्या. भातं कापून झाली होती, झोडणी चालू होती, सगळ्या रस्त्याला पेंढ्याचा वास होता. वाटेत शिळफाट्याच्या बाजारात छायाबाईंनी गोदासाठी केळी आणि शेवंतीची वेणी घेतली. खालापुरात पोचल्यावर घर लगेच सापडलं.

गोदाबाई अंगणात बसून वाल सोलत होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, नाक अजून तसंच सरळ. छायाबाईंना बघून त्या उठल्याच नाहीत, बसल्या जागेवरूनच ओरडल्या, "छाये! मेले! आता सवड झाली व्हय तुला?" दोघी एकमेकींना धरून खूप वेळ हसत होत्या. हर्षला बाजूला उभी राहून बघत होती. आईचं असं हसणं तिनं वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"ही माझी हर्षू," छायाबाई म्हणाल्या.

"नमस्कार गोदामावशी," हर्षला म्हणाली. "तुम्हाला भेटायचंच होतं."

गोदाबाईंच्या हातातली वालाची शेंग तशीच राहिली. चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं, मग हळूहळू गेलं.

"परत बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काय पन."

"तुमचा चित्रपट मी नीट करतेय. कंट्रोल रूममधलं तुमचं काम..."

"बास." गोदाबाईंनी हात वर केला. मग त्या दोघींना आत घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

"त्या कानाच्या टोप्याला वायर नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हंजे व्हती, पन टेबलाखाली नुसती सोडलेली. कुटंच जोडलेली नाय. मी इचारलं तर तो म्हातारा कॅमेरावाला म्हनला, पोरी, हितं समदं खोटं हाय. मी घालून बसले. डायरेक्टरनं सांगितलेलं, बोलून झालं की हलायचं नाय, मी सांगेपर्यंत बसायचं. मी बसले. आन् त्या खोट्या टोप्यातून कोन तरी म्हनलं, गोदा, ऊठ."

"सेटवरचं कोणी असेल," हर्षला म्हणाली.

"सेटवर मला गोदा म्हनत नव्हते. समदे 'कंट्रोलवाली' म्हनायचे. कोनाला नावच ठाव नव्हतं माझं." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "मी उठले. डायरेक्टर शिवी घालाया तोंड उघडतो तोच वरचा मोठा दिवा वाशापासून सुटून खाली आला. खुर्चीचा भुगा झाला. मी दाराशी. आज माझी सून हाय, नातवंडं हायेत, हे अंगन हाय, ते त्या एका शब्दावर हाय."

छायाबाईंनी गोदाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कदी सांगितलं नायस."

"काय सांगू? कोनाचं नाव घेऊ?" गोदाबाई हर्षलाकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्यामागे भीती होती आणि ती स्वच्छ दिसत होती. "तो आवाज मी इसरले नाय. रोज सांजवात लावताना मनात आनते. तुजाच हाय तो, पोरी. कवातरी मला भेटशील असं वाटायचं. छायीची असशील असं नव्हतं वाटलं."

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. पळसदरीच्या पुढे छायाबाई मागून म्हणाल्या, "तवा तू पोटात पन नव्हतीस. माझंच लगीन व्हायचं व्हतं." आणि त्यांनी लेकीचा खांदा घट्ट धरला.

हर्षलाच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. आवाज हा तिचा धंदा होता. स्वतःचा आवाज ती झोपेतही ओळखली असती. हेडफोनमध्ये जी बोलत होती ती हर्षला नव्हती. गोदाबाईंना हर्षलाचा आवाज आला, असं घटकाभर धरलं, तर मग हर्षलाला कोणाचा येत होता?

५

तुळशीचं लग्न झालं तशा गावात हळदी सुरू झाल्या. शेजारच्या नवशाकाकांच्या भाग्यश्रीची हळद होती. दुपारपासूनच डीजे लागला. छायाबाई सकाळी हळद लावून आल्या होत्या, पण त्या आवाजानं त्यांचं डोकं उठलं.

"तुझ्या खोलीत पडते जरा," त्या म्हणाल्या. "तितं काय ऐकू येत नाय." आणि खुर्चीमागच्या गादीवर आडव्या झाल्या. हर्षलानं दार ओढून घेतलं. डीजे एकदम लांब गेला, कोणी विहिरीत ढोल वाजवतंय असा. आई लगेच झोपली. तिचा श्वास ऐकत हर्षला काम करू लागली, आणि तिला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं वीज गेली. पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. डीजे क्षणभर बंद पडला, मग बाहेर कुठेतरी जनरेटरची घरघर सुरू झाली आणि गाणं पुन्हा लागलं. हळदीच्या मांडववाल्यानं जनरेटर टेंपोतून आणून दोन घरांच्या मधल्या बोळात, हर्षलाच्या भिंतीला लागून ठेवला होता. हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला फक्त डिझेलचा पुसटसा वास आला, आणि हळदीच्या दिवशी कसले कसले वास येणारच, असं म्हणून तिनं तो सोडून दिला.

डोकं जड झालं. गोदाबाईंच्याकडून आल्यापासून झोप नीट होत नव्हती, त्याचं असेल. पडद्यावर कंट्रोल रूम होती. मुलगी बसली होती. हर्षलानं टेबलावर हात ठेवले, हातांवर कपाळ टेकवलं. एक मिनिट, फक्त एक मिनिट. डीजे आणखी लांब गेला. आईचा श्वासही ऐकू येईना, आणि ते बरंच वाटलं, सगळं कसं छान गप्प झालं.

"ऊठ गं."

ती हलली नाही. तिला ठाऊक होतं हे. पट्टीवरचं आहे, उद्या कापू.

"ऊठ. आईला घे. बाहेर पड."

हर्षलानं डोळे उघडले. गाल टेबलावर होता, त्यामुळे तिला फक्त स्वतःची मांडी दिसत होती. मांडीवर हेडफोनची वायर पडली होती. तिचं टोक मोकळं होतं, चकचकीत, कशातच नसलेलं.

"आईला घे," हेडफोन म्हणाला. आता त्यात विनवणी होती. कोण होती कोण जाणे, पण ती रडकुंडीला आली होती.

हर्षला उठायला गेली आणि पडली. पाय नव्हतेच. ती गुडघ्यांवर आईपर्यंत गेली, हलवलं. आई पिठाच्या पोत्यासारखी हलली आणि पुन्हा तशीच झाली. हर्षलानं काखेत हात घालून तिला ओढलं. गादीवरून फरशीवर, फरशीवरून दाराकडे. दार कधी नव्हे इतकं घट्ट होतं. तिनं दोन्ही हातांनी कडी खेचली, खांद्यानं धडक दिली. उजेड आत आला, आणि त्याच्याबरोबर ढोल, हवा, माणसं.

उंबऱ्यावर आडवी होताना तिची मान मागे वळली. तिनं वळवली नव्हती. आत, तिच्या खुर्चीत, पाठमोरं कोणीतरी बसलं होतं. पुढे वाकून, लॅपटॉपच्या अगदी जवळ, काचेवर तोंड लावून बोलावं तसं.

मग नवशाकाकांची आरोळी ऐकू आली आणि कितीतरी हळदीचे हात एकदम अंगाला लागले.

६

कर्जतच्या दवाखान्यात छायाबाई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. लुगड्यावर सगळीकडे पिवळे पंजे उमटलेले. त्यांनी ते बघितले आणि विचारलं, "माझंच लगीन लागलं काय?" हर्षला हसली आणि हसता हसता रडायला लागली ती थांबेचना. नर्सनं तिला बाहेर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. जनरेटरचा धूर जाळीतून आत आला. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. अजून थोडा वेळ गेला असता तर दोघी गेल्या असत्या. "तुम्ही कशा उठलात हेच नवल आहे," ते म्हणाले.

"मला आवाज आला."

"येतात. मेंदूला प्राणवायू कमी पडला की आवाज येतात, माणसं दिसतात."

हर्षलाला हे पटावं असं फार वाटत होतं. पण जनरेटर त्याच दुपारी आला होता, आणि ती बाई त्याआधी किती दिवस बोलत होती. तिनं वाद घातला नाही. डॉक्टरांचे आभार मानले. नवशाकाका लेकीची हळद टाकून रात्रभर बाकावर बसले होते, त्यांच्या पाया पडली. "वेडी का काय तू," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

आईला घरी आणलं त्या दिवशी गोदाबाई आल्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कसलंसं कडू पाल्याचं औषध घेऊन आल्या आणि आठ दिवस राहिल्याच. छायाबाईंचं न्हाणं-धुणं त्यांनी केलं. संध्याकाळी दोघी पडवीत बसून शाळेतल्या गोष्टी काढायच्या. दवाखान्यात काय झालं, खोलीत काय झालं, हे हर्षलानं त्यांना एकदाच सांगितलं. गोदाबाईंनी सगळं ऐकलं.

"कोन व्हती?"

"माहीत नाही."

"पुढं कळंल," गोदाबाई म्हणाल्या. "नाय तर नाय कळनार. आपन उपकार मानायचे." मग त्यांनी हर्षलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात तिला लेकुरवाळ्या माणसाचा, साधा, गरम वाटला.

७

साईनाथला झाला प्रकार कळला तसा तो हादरला. काम राहू दे, बरी हो, म्हणाला. पण हर्षलाला ते काम सोडायचं नव्हतं. जाळी बंद करून दुसऱ्या भिंतीला खिडकी पाडून घेतली आणि ती पुन्हा बसली. कंट्रोल रूमचं दृश्य आता स्वच्छ होतं. खरखर उतरली की खाली काही नव्हतं. तिनं कितीदा ऐकलं, नुसती शांतता. तिला हायसं वाटलं, आणि ती बाई गेली म्हणून चुकचुकल्यासारखंही.

मग साईनाथनं आणखी एक तुकडा पाठवला. फिल्मच्या डब्याच्या तळाशी सापडलेला, चित्रपटात न घेतलेला. "मुका आहे," त्यानं कळवलं, "आवाजाची पट्टीच नाही. कंट्रोल रूमचाच आहे. बघून ठेव."

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होतं. छायाबाई पडवीत वाल पाखडत होत्या. गोदाबाई दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या. "बघू तरी कशी दिसत व्हते," म्हणून त्या खोलीत आल्या आणि हर्षलाच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

पडद्यावर मुलगी होती. ओठ हलले: कॅमेरा दोन, तयार. ताई, वर बघा. मग ती गप्प बसली. चौकटीच्या वरच्या कडेला, हर्षलानं आधी कधी न पाहिलेला एक मोठा दिवा दिसत होता. तो किंचित हलत होता.

"हाच," गोदाबाई कुजबुजल्या. "ह्याच टायमाला."

दोघी वाट बघत राहिल्या. मुलगी उठेना.

दिवा एका बाजूनं कलला. वाशावरून धुळीची बारीक धार खाली आली आणि मुलीच्या केसांवर पडली. तिला कळलं नाही. ती हुकमाप्रमाणे बसून होती, मान ताठ, कानाला ते खोटं यंत्र. हर्षलाच्या मनात आलं, हे होऊन किती वर्षं झाली. ती उठली होती. ती इथे शेजारी बसलीये. मी कशाला घाबरतेय?

गोदाबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. ती पकड आधी घट्ट होती. आता ती सैल होत होती. सैल नव्हे, हलकी. वजन कमी होत चालल्यासारखी. हर्षलाला बाजूला बघायचा धीर होईना.

"सांग ना गं तिला," शेजारून आवाज आला, आणि तो फार लांबून आल्यासारखा होता.

टेबलावर मायक्रोफोन होता. तो कशालाही जोडलेला नव्हता. हर्षलानं तो ओढून तोंडाशी धरला.

"गोदा," ती म्हणाली. "गोदा, ऊठ!"

पडद्यावरच्या मुलीनं मान वर केली. ती इकडेतिकडे बघेना, सरळ समोर बघू लागली, हर्षलाच्या डोळ्यांत. मग ती उठली. चौकटीबाहेर पडली. आणि दिवा आला, मुका, आवाज न करता, आणि खुर्चीच्या जागी नुसता पांढरा लोट उरला.

मनगटावर पाच बोटं रुतली. नखं लागली, दुखलं. हर्षलानं त्या दुखण्याबद्दल मनातल्या मनात देवाला हात जोडले. शेजारी गोदाबाई स्फुंदत होत्या, "आई गं, आई गं," आणि त्यांचं सगळं वजन हर्षलाच्या खांद्यावर आलं होतं. किती छान, जड वजन होतं ते.

तुकडा अजून संपला नव्हता. धूळ हळूहळू बसत गेली. मोडलेल्या खुर्चीमागची काच स्वच्छ दिसू लागली. स्टुडिओतला अंधार असायचा तिथे आता उजेड होता, दुपारचा, खिडकीतून येणारा. काचेत दोन बायका बसलेल्या दिसत होत्या. एक म्हातारी, एक तरुण, एकमेकींना धरून. आणि त्यांच्या पाठीशी, अगदी लागून, तिसरी कोणी उभी होती. चेहरा दिसत नव्हता. तिनं एक हात हर्षलाच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

हर्षलाला खुर्चीची पाठ जराशी दबल्याचं जाणवलं.

"बघू नको," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनीही काचेत पाहिलं होतं. "तवा गिरणीत मी पन नव्हतं नीट बघितलं."

हर्षलाला पळावं असं वाटत होतं, पण पळण्याच्याही आधी तिला आईचा पाखडण्याचा आवाज ऐकू आला. सूप खाली-वर होत होतं, मध्येच थांबत होतं, छायाबाई कुणा कोंबडीला हाकलत होत्या. आई पडवीत जिवंत होती, 'आईला घे' म्हणणाऱ्या त्या आवाजामुळे.

तिनं मागे पाहिलं नाही. आपली खुर्ची तेवढी जराशी बाजूला सरकवली, मागच्या बाईला पडदा नीट दिसावा म्हणून.